वरमाईचं न्हाणं

चाकणपासून दोन कोसांवर, डोंगराला टेकून, वाघदरा नावाची वस्ती होती. अठरा घरं, एक मारुती आणि एक सोपानराव. सोपानरावांना वेगळं मोजायचं कारण असं, की त्यांच्या घरी जाऊन आलेला माणूस त्यांच्याबद्दल काहीतरी सांगितल्याशिवाय राहतच नसे.

पाहुणा आला की सोपानराव स्वतः तांब्या घेऊन पुढे येत. तांब्या अर्धा. "प्या, लागलं तर आणखी हाय," असं तोंडभरून म्हणत, पण पाहुण्याच्या घोटाघोटावर अशी नजर ठेवत की बिचाऱ्याला दुसरा तांब्या मागायचा धीर होत नसे. तळाशी बोटभर उरलंच, तर ते अंगणात फेकायची सोय नव्हती. "मिरचीला उष्टं-खरकटं कळत न्हाई," असं म्हणून तांब्या मिरचीच्या रोपाकडे जाई. पाय धुवायचे ते उंबऱ्यापाशी नाही, वांग्याच्या वाफ्यात उभं राहून. एकदा तालुक्याहून एक साहेब आले होते. त्यांनाही वाफ्यात उभं केलं, आणि वर सांगितलं, "सायेब, जरा दोन पावलं सरका, त्या कोपऱ्यातलं रोप कोरडं ऱ्हायलंय." साहेब सरकले. काय करतील?

मंजुळाबाईंनी या माणसाबरोबर बावीस वर्षं संसार केला होता. माहेरी गेल्या की पहिले दोन दिवस त्या नुसत्या अंगावर पाणी ओतून घेत, आणि परत आल्या की पुढे चार दिवस ते बोलून दाखवत. सोपानराव ऐकून घेत. मग हळूच विचारत, "आन् ते पाणी पुढं कुठं जातं गं तुझ्या माहेरी?"

आता तुम्ही म्हणाल, माणूस चिक्कू होता. अजिबात नाही. पंगतीत तूप वाढताना त्यांचा हात कधी आखडला नाही, आणि दारी आलेला माणूस उपाशी गेला नाही. जीव अडकला होता तो फक्त पाण्यात, आणि तोही लहानपणीच. त्यांची आई खालच्या झऱ्यावरून पाणी आणायची, जाऊन-येऊन तीन कोस. एकदा अगदी दारातच तिला ठेच लागली आणि मातीची घागर फुटली. नवरा गेला तेव्हा डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती बाई, त्या दिवशी उंबऱ्यावर बसून ओक्साबोक्शी रडली. पाच वर्षांच्या सोपाननं तिथला चिखल फडक्यात भरून पिळला आणि वाटीभर गढूळ पाणी काढून आईपुढे धरलं. त्या दिवसापासून हे वेड जे लागलं ते लागलंच.

मोठे झाल्यावर त्यांनी डोंगराच्या उतारावर ताली घालायला सुरुवात केली. दर उन्हाळ्यात दगड वाहायचे, मातीचा बांध घालायचा, पावसाचं पळणारं पाणी अडवून जमिनीत मुरवायचं. वस्ती हसली. लोक त्यांना 'पाणवेडा' म्हणायला लागले, आणि थोड्या वर्षांनी तर तोंडावर म्हणायला लागले. पण वीस वर्षांनी अशी गत झाली, की चैत्र सरला की इतरांच्या विहिरीत बेडूक ओरडायचे आणि सोपानरावांच्या उताराखालच्या विहिरीत पुरुषभर पाणी असायचं. मग हीच हसणारी अठरा घरं घागरी घेऊन त्यांच्याच विहिरीवर. सोपानरावांनी कुणाला नाही म्हटलं नाही. फक्त काठावर बसून राहायचे आणि सांगायचे, "चार बोटं कमी भरा रं, वाटंत डुचमळतं."

अशा माणसाला मुलगी एकच, सुमन. ती अठराची झाली आणि स्थळं बघायला सुरुवात झाली. दुसरे बाप मुलाची जमीन विचारतात, घरात माणसं किती ते विचारतात. हे पहिलं विचारायचे, "घरापास्नं पाणी किती लांब?" तळेगाव दाभाड्याचं एक मास्तरांचं स्थळ चालून आलं होतं, चांगलं शिकलेलं, निर्व्यसनी. पण त्यांच्या आळीत आड एकच, आणि तोही पंचवीस हात खोल. यांनी नकार कळवला. मंजुळाबाई आठ दिवस बोलल्या नाहीत.

मग पिंपळे सौदागरचं स्थळ कळलं. लक्ष्मणराव म्हणून तालेवार शेतकरी, रान थेट पवनेला भिडलेलं. मुलगा सोनबा नुकताच पिंपरीकडे एका नव्या कारखान्यात लागला होता, शिफ्टला जायचा. सोपानराव बघायला गेले. मुलाला घटकाभर बघितलं आणि उरलेली सगळी दुपार नदीच्या काठावर उभे राहिले. घरी आल्यावर मंजुळाबाईंनी विचारलं, "कसा हाय पोरगा?"

"बारमाही हाय," सोपानराव म्हणाले. "वैशाखातबी गुडघाभर धार."

मंजुळाबाईंनी कपाळाला हात लावला. पण त्या रात्री जेवताना सोपानराव जे बोलले त्यानंतर बाईंनी विरोध केला नाही. ते म्हणाले, "माझी आय वाहून मेली, तू वाहतीस, सुमी वाहती. एकीला तरी काठावर नेऊन ठिवतो." लग्न ठरलं ते असं, आणि या लग्नात सोपानरावांचा किती जीव होता ते यावरून ओळखा.

लग्न वैशाखात, वाघदऱ्यात, गोरज मुहूर्तावर. सकाळीच वऱ्हाडाच्या गाड्या आल्या. सगळं नीट पार पडत होतं. बैलांनी हौद रिकामा केला तेव्हा सोपानराव जरा पलीकडे जाऊन उभे राहिले, एवढंच.

आता वरमाईबद्दल सांगायला हवं. दुर्गाबाई, सोनबाची आई. माहेर कासारवाडी, सासर पिंपळे सौदागर, दोन्हीकडे पवना. बाईंनी जन्मात कधी पाणी शेंदलं नव्हतं. धुणं नदीवर, अंघोळ नदीवर, नदीवर कंटाळा आला तर घरी दोन गडी कावडीनं पाणी आणून रांजण भरायचे. मनानं वाईट नव्हती हो. पण आपला मान कुठे दोन बोटं कमी भरतोय का, हे बघायची तिची नजर मात्र तेज होती.

आणि त्यांच्यात चाल अशी, की लग्नाआधी मुलीकडच्यांनी वरमाईला आणि तिच्या बरोबरच्या बायकांना ऊन पाण्यानं न्हाऊ घालायचं. शिकेकाई, उटणं, डोक्यावरून पाणी. या न्हाण्यात कसूर झाली की वरमाई रुसते, आणि वरमाई रुसली की मुहूर्त टळतो. म्हणून मंजुळाबाईंनी नवऱ्याला गळ्याची शपथ घालून बजावलं होतं, "त्या दिवशी पाण्याला हात आखडायचा न्हाई. हंड्यावर हंडं वतू द्यायचं."

"वतू की," सोपानराव म्हणाले. "पाच हंडं तापवू."

इतक्या चटकन हा माणूस कबूल झाला तिथेच बाईंना शंका यायला हवी होती. पण लग्नघरात कोणाला वेळ असतो?

चाकणच्या बाजारात नूरमोहम्मद म्हणून पत्र्याचं काम करणारा त्यांचा जुना दोस्त होता. डबे, चाळण्या, घरांच्या पन्हळी, सगळं बनवायचा. त्याच्याकडून सोपानरावांनी वीस हात पत्र्याची पन्हळ करून घेतली. लग्नाच्या आदल्या दिवशी दोघांनी मिळून ती न्हाणीच्या तट्ट्याखालून काढली आणि थेट वांग्याच्या वाफ्यांत नेऊन सोडली. वांगी त्या उन्हाळ्यात माना टाकून होती, आणि प्यायचं पाणी वांग्याला द्यायचं पाप सोपानराव करणार नव्हते. वरमाईबरोबर सात बायका न्हाणार. म्हणजे वाफे भिजलेच समजा.

"दादा," नूरमोहम्मद म्हणाला, "वरमाईला कळलं तर?"

"पाण्याला काय त्वांड हाय का सांगायला?"

"पाण्याला न्हाई, तुमाला हाय," नूरमोहम्मद म्हणाला. दोस्त म्हणून पुरता ओळखून होता.

दुपारी न्हाणं सुरू झालं. तट्ट्याआड मंजुळाबाई आणि जावा-नणंदा पाणी घालतायत, दुर्गाबाई पाटावर बसल्यायत, हसणं-खिदळणं चाललंय. तट्ट्याच्या या बाजूला, वीस हातांवर, लग्नाचं नवं धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, मुलीचा बाप फावडं घेऊन उभा. पन्हळीतून पाणी आलं. ऊन-ऊन, शिकेकाईचा वास मारणारं, पण पाणी. थोडं निवेपर्यंत सोपानरावांनी ते चरातून फिरवलं आणि मग दारं धरायला लागले. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बुजवायचं, दुसऱ्याचं फोडायचं. पहिला वाफा भिजला. दुसरा भिजला. वांग्याच्या पानांवर उगीच टवटवी दिसायला लागली. मांडव, मुहूर्त, वऱ्हाड, सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं. चौथा वाफा तुडुंब झाला, पाचव्याचं तोंड त्यांनी फोडलं, आणि नेमकी तेव्हाच तिकडे दुर्गाबाईंच्या केसांना शिकेकाई चोळायची वेळ आली. पाणी थांबलं.

शेतात दारं धरणाऱ्या माणसाची एक सवय असते. पाण्याची धार तुटली की तो विहिरीवर मोट हाकणाऱ्याला आरोळी देतो. ती विचार करून द्यायची नसते, तोंडातून जातेच. सोपानरावांनी तीस वर्षं दिली होती. त्यांनी मान वर न करता आभाळ फाटेल अशी हाळी दिली, "पाणी तुटलं रं! हाण की! नुसता बसलायास काय!"

तट्ट्याआड कोणाच्या तरी हातातला तांब्या खाली पडला.

मग दुर्गाबाईंचा आवाज आला, "कोन हाय त्यो?"

नूरमोहम्मद मांडवातून धावत आला, पण उशीर झाला होता. दुर्गाबाई लुगडं गुंडाळून, ओल्या केसांना पंचा बांधून बाहेर आल्या. त्यांनी पन्हळ बघितली. पन्हळीच्या मागे मागे वाफे बघितले. वाफ्यात व्याही बघितले.

"हे काय चाललंय, इवाई?"

आता इथे सोपानरावांना काहीही सांगता आलं असतं. साप निघाला म्हणता आलं असतं. नूरमोहम्मद मागून खुणा करत होता. पण सोपानराव सरळ माणूस, आणि त्यातून आनंदात होता.

"तुमच्या न्हाण्यावर चार वाफं भिजलं बघा, ईनबाई," ते कौतुकानं म्हणाले. "पाचव्यापाशी आलं आन् तुटलं. अजून कुनी न्हायचं ऱ्हायलं असंल तर बसवून घ्या."

दुर्गाबाई वळून शांतपणे म्हणाल्या, "गाड्या जुंपा."

पुढे काय गोंधळ झाला तो विचारू नका. वऱ्हाड उठलं. बायका म्हणाल्या, आमच्या अंगावरचं पाणी वांग्याला घालतात आणि तीच वांगी उद्या आम्हाला खाऊ घालतील. लक्ष्मणराव भले गृहस्थ, पण बायको एकदा गाडीत जाऊन बसली की तिला उतरवणं त्यांना कधीच जमलं नव्हतं, म्हणून ते बैलांना वैरण टाकत राहिले. नवरामुलगा सोनबा बाशिंग हातात घेऊन कधी आईकडे, कधी मांडवाकडे बघत होता. मंजुळाबाई चुलीपाशी पदर तोंडाला लावून बसल्या. सूर्य कलायला लागला होता. त्या दिवशी मुहूर्त तेवढा एकच होता.

शेवटी नूरमोहम्मद टोपी सारखी करून बोलणी करायला गेला. बऱ्याच वेळानं परत आला आणि सोपानरावांपुढे उकिडवा बसला.

"बोल," सोपानराव म्हणाले.

"ती म्हनती, मानूस मोठा का पाणी मोठं, ते एकदा समद्यांसमोर दाखवा. चांगल्या प्यायच्या पाण्याच्या दोन घागरी भरायच्या, आन् तिच्या पायापुढं, कोरड्या भुईवर, तुमच्या हातानं वतायच्या. वाफ्यात न्हाई, झाडाला न्हाई. नुसत्या सांडायच्या. मग ती लग्नाला उभी ऱ्हानार."

सोपानरावांचा चेहरा उतरला. "जोडं मार म्हनावं. पाया पडतो. भर मांडवात नाक घासतो."

"म्या समदं बोललो, दादा. जोडं नको म्हनती. पाणीच."

"वैशाखात?" सोपानराव म्हणाले. "अठरा घरं त्या हिरीवर हायती. दोन घागरी म्हंजी एका घराचा दिस. माझ्या हातनं न्हाई व्हायचं."

हे बोलणं आत गेलं असणार, कारण सुमन बाहेर आली. हळद लागलेली, मुंडावळ्या बांधलेल्या. बापाच्या जवळ बसून म्हणाली, "आबा, नगा वतू. मी ऱ्हाते हितंच."

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी सोपानरावांना बरं वाटलं. दोन घागरी वाचल्या असं मनात आलं. येऊन गेलं, आणि लगेच स्वतःचीच अशी शरम वाटली की त्यांना मुलीकडे बघवेना. त्यांनी मान खाली घातली तर सुमनची मान त्याहून खाली. तिचा पदर सरकला होता आणि डोक्याचा मधला भाग दिसत होता. रोज चुंबळ ठेवून घागरी वाहिल्यानं तिथले केस विरळ झाले होते. अठरा वर्षांच्या पोरीच्या डोक्याला रुपयाएवढी जागा उघडी पडली होती, आणि बापानं ती आजवर बघितली नव्हती.

सोपानराव उठले. कुणाला काही न बोलता विहिरीवर गेले, स्वतः पोहरा सोडला, स्वतः शेंदलं. दोन्ही घागरी काठोकाठ भरल्या. चार बोटं कमी नाही. एक खांद्यावर, एक हातात घेऊन मांडवासमोर आले.

तोवर बातमी पसरली होती. वस्ती एका बाजूला, वऱ्हाड एका बाजूला. मधे पाटावर दुर्गाबाई बसल्या होत्या. लुगड्याचा काठ भिजू नये म्हणून त्यांनी तो घोट्याच्या वर धरला होता.

सोपानरावांनी पहिली घागर उचलली. वस्तीतल्या दोन म्हाताऱ्यांनी मान फिरवली. सोपानरावांनी डोळे मिटले आणि घागर वाकडी केली.

पाणी पडलं. आणि गेलं. नुसतं चर्र आवाज करत गेलं. अख्खी घागर ओतली, पण भुईवर परातीएवढा काळा डाग पडला, बास. दोन-चार भेगांतून हवेचे बुडबुडे आले. डाग पसरला नाही, वाहिला नाही. दुर्गाबाईंच्या पायाच्या बोटापर्यंत एक थेंबही पोचला नाही, आणि त्या बघत होत्या तोवर डागाची कड सुकायलाही लागली.

दुर्गाबाई डोळे विस्फारून त्या जागेकडे बघत राहिल्या. त्यांच्या अंगणात घागर ओतली तर ओघळ गल्लीपर्यंत जायचा. जमीन अशी पाणी पिते, हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी समोर बघितलं. वस्तीतल्या बाया रिकाम्या हातांनी उभ्या होत्या. बाईंनी धरलेला लुगड्याचा काठ हळूच खाली सोडला.

सोपानरावांनी डोळे पुसले आणि दुसरी घागर उचलली.

"बास," दुर्गाबाई म्हणाल्या.

"दोन ठरल्यात," सोपानराव म्हणाले.

"आवो, मी म्हनते ना बास. झाला मान."

"न्हाई, ईनबाई. पोरीचं लगीन हाय. अर्धवट न्हाई ठिवायचं. उद्या कुनी तिला बोलाया नगं, की तुझ्या बापानं एकच वतली." आणि त्यांनी घागर वाकडी करायला घेतली. आता तेही हट्टाला पेटले होते. एकदा काळजावर दगड ठेवला होता, तो मधेच काढायची त्यांची तयारी नव्हती.

दुर्गाबाई पाटावरून उठल्या आणि त्यांनी घागरीचा काठ पकडला. हे ओढतायत, त्या ओढतायत. भर मांडवात, सगळ्या वऱ्हाडासमोर, व्याही आणि विहीण एका घागरीला लोंबकळतायत. चूळभर पाणी उडालं आणि भुईवर पडलं.

"आवो सांडंल की!" दुर्गाबाई ओरडल्या.

बैलांपाशी उभे असलेले लक्ष्मणराव हसायला लागले. तीस वर्षांच्या संसारात बायकोच्या तोंडून हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता. त्यांचं हसू बघून वऱ्हाड हसलं, वस्ती हसली, नूरमोहम्मद तर खालीच बसला. दुर्गाबाईंना आपण काय बोललो ते कळलं आणि त्यांनाही हसू आवरेना. हसता हसता त्यांनी ओल्या केसांवरचा पंचा सावरला आणि मांडवाच्या दाराकडे बघितलं. तिथे सुमन उभी होती, रडत आणि हसत.

सोपानराव तेवढे हसत नव्हते. त्यांनी घागर अजून घट्ट धरून ठेवली होती.

"सोडा आता, इवाई," दुर्गाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "धरलीया म्या."

सोपानरावांनी त्यांचे हात नीट पाहिले. एक काठाला होता, एक बुडाखाली. मग त्यांनी सोडली.